तेलाचे डाग पडलेला कागद

१९८२ च्या जूनमध्ये मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो. पहिल्या दिवशी हातात मिळालं ते एक मायक्रोमीटर, एक फळी आणि फळीला चिमट्यानं लावलेला आलेखाचा कागद. दर तासाला लेथवरचे पाच जॉब उचलायचे, मोजायचे, सरासरी काढून कागदावर टिंब द्यायचं आणि मागच्या टिंबाला जोडायचं. मधोमध एक रेघ, वर एक तुटक, खाली एक तुटक. टिंब तुटक रेघांच्या आत असेल तोवर मशीनला हात लावायचा नाही. बाहेर गेलं की काम थांबवून कारण शोधायचं.

या गोष्टीला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. त्यातली पहिली पंचवीस कारखान्यात गेली, पुढची बरीचशी शाळा-कॉलेजांत, 'क्वालिटीचं काहीतरी सांगा' म्हणून बोलावतात तिथं. दोन्हीकडे एकच गोष्ट इतक्यांदा पाहिली की ती लिहून ठेवावीशी वाटते. आकडा ज्याच्या कामाचा आहे, त्याच्याच हातात तो राहिला तर काम सुधारतं. तोच आकडा वर पाठवायचा झाला आणि त्यावरून कुणी दम देणार असेल, तर आकडा सुधारतो आणि काम होतं तिथंच राहतं.

तो कागद आला कुठून, हे मला फार उशिरा कळलं. १६ मे १९२४ रोजी वॉल्टर शुहार्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या आपल्या कंपनीतल्या साहेबाला एक टिपण दिलं, जेमतेम पानभराचं. त्यात या चार्टचं पहिलं चित्र होतं. कोणत्याही कामात थोडा चढउतार रोजचाच असतो, त्याच्या मागे धावू नये. काही चढउतार मात्र वेगळ्या कारणानं येतो, तेवढाच हेरावा आणि ते कारण काढून टाकावं. १९३१ मध्ये त्याचं या विषयावरचं पुस्तक निघालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. स्वातंत्र्य मिळून काही महिने होतात न होतात तोच महालनोबिसांच्या निमंत्रणावरून शुहार्ट भारतात आला आणि इथले कारखाने फिरला. पुढे १९५० च्या दशकात संस्थेनं मुंबईसह काही शहरांत उद्योगांसाठी गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रं काढली. १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात वसंत हुजूरबाजारांनी गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. म्हणजे जपानकडून आपण शिकलो असं जे सरसकट सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं जपानी कारखानदारांना प्रसिद्ध व्याख्यानं दिली ती १९५० मध्ये. त्याआधीच त्याचा गुरू शुहार्ट इथं येऊन गेला होता. बी आपल्याकडेही पडलं होतं.

ते उगवलं आधी कापड गिरण्यांत. १२० यार्ड सूत गुंडाळायचं, वजन करायचं, त्यावरून सुताचा काउंट, म्हणजे बारीकपणा, काढायचा, हे तिथं रोजचंच काम होतं. आकडे होतेच, त्यांना फक्त दोन तुटक रेघा हव्या होत्या. इंजिनिअरिंग कारखान्यांत मात्र बराच काळ तपासणीवरच भिस्त राहिली. माल बनवायचा, शेवटी दहा इन्स्पेक्टर बसवायचे, चांगला एका ट्रेत, वाईट दुसऱ्या ट्रेत. मी लागलो तेव्हाही आमच्याकडे बहुतेक खात्यांत हेच चालू होतं. माझी फळी म्हणजे एका हौशी मॅनेजरांनी दोन मशीनवर करून पाहिलेला प्रयोग.

त्या दोनपैकी एका मशीनवर तुकाराम म्हणून टर्नर होते, पन्नाशीला आलेले. त्यांच्या चार्टमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत एक गंमत दिसली. रोज जेवणाच्या सुट्टीनंतरची एक-दोन टिंबं हमखास हलायची. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, अर्धा तास मशीन गार पडतं. पुन्हा तापेपर्यंत माप सरकणारच." वीस वर्षं त्यांना हे ठाऊक होतं. कुणी विचारलं नव्हतं. शिवाय ते त्यावर स्वतःचा उपायही करत होते. प्रत्येक जॉब काढला की मोजायचा आणि जेवढा फरक दिसेल तेवढा हँडव्हील फिरवून भरून काढायचा. इथं मात्र चार्टनं त्यांना आणि मलाही शिकवलं. तापलेल्या, नीट चाललेल्या मशीनवरही असं प्रत्येक जॉबमागे सेटिंग हलवत राहिलं की मापांचा पसारा कमी होण्याऐवजी वाढतो. एक जॉब सहज चार मायक्रॉन जाड निघाला म्हणून सेटिंग चार मायक्रॉन खाली घेतलं, तर पुढचा, जो आपोआप बरोबरच आला असता, तो बारीक निघतो. आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. सुट्टी संपायच्या आधी हेल्परनं मशीन रिकामं चालू करून तापवायचं, आणि टिंब तुटक रेघेबाहेर गेल्याशिवाय हँडव्हीलला हात लावायचा नाही. महिन्याभरात त्या जॉबचं रिजेक्शन इतकं उतरलं की बाजूच्या खात्याचा फोरमन चार्ट बघायला आला.

मग बिघडलं. प्रयोग यशस्वी झाला म्हणून वरून हुकूम आला, सगळ्या मशीनवर चार्ट लावा. चार्ट लागले. दर सोमवारी मीटिंगमध्ये ते मांडून 'हे टिंब बाहेर कसं गेलं?' अशी विचारणा सुरू झाली. दोन ऑपरेटरना मेमो मिळाले. तिसऱ्या महिन्यात एकही टिंब बाहेर जाईना. एवढंच काय, सगळी टिंबं मधल्या रेघेला चिकटून चालू लागली, मुंग्यांच्या रांगेसारखी. मोजलेल्या आकड्यांत ते शक्यच नसतं. खऱ्या मापांची टिंबं दोन रेघांमध्ये इकडेतिकडे विखुरतात. मी कागद जवळून पाहिले. आठवड्याभराच्या नोंदी एकाच पेनाच्या, एकाच हातच्या, एका दमात लिहिलेल्या, आणि कागद स्वच्छ. तुकारामांच्या कागदावर कूलंटचे थेंब असायचे, तेलकट अंगठ्याचे ठसे असायचे, कोपरे दुमडलेले असायचे. मी हे मीटिंगमध्ये बोललो नाही. नव्यानं लागलेला होतो, बोलायचा धीर झाला नाही, आणि ते आजही टोचतं. दोन वर्षांनी गिऱ्हाईकाकडून अख्खा लॉट परत आला तेव्हा त्या लॉटचे चार्ट निर्दोष होते.

पुढचा काळ सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. १९८०-८१ च्या सुमारास हैदराबादजवळ रामचंद्रपुरमच्या भेलमध्ये एस. आर. उडपांनी सुरू केलेली क्वालिटी सर्कल, म्हणजे आपल्याच कामातले प्रश्न सोडवणारे कामगारांचे गट, देशभर पसरली. १९८७ मध्ये आयएसओ ९००० हे गुणवत्तेचं मानक आलं, आणि १९९१ नंतर तर पिंपरी-चिंचवडमध्ये गेटवर त्याचा फलक नसलेला कारखाना सापडणं अवघड झालं. फलकामागे खरं काम किती ठिकाणी होतं, हे तिथं नोकरी केलेल्यांनी आपापल्या मनाला विचारावं. पण खरं काम झालंच नाही असंही म्हणता येत नाही. १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला गुणवत्तेसाठीचा जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला, भारतातला पहिला. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळाला तेव्हा कांदिवलीत कामाला असलेल्या माझ्या मित्रानं रात्री फोन केला आणि बराच वेळ त्याला बोलताच येईना. जगातल्या कुठल्याही ट्रॅक्टर कंपनीला तोवर तो मिळालेला नव्हता.

शिक्षणात ही भाषा आली ती १९९० च्या दशकात. लखनौच्या सिटी माँटेसरी शाळेनं मुलांचीच क्वालिटी सर्कल काढली. १९९४ मध्ये कॉलेजांच्या मूल्यांकनासाठी नॅक स्थापन झाली. शब्द तेच आले, फॉर्मही तेच आले. तुटक रेघा मात्र मागेच राहिल्या. चढउतारातला सहजचा किती आणि कारणाचा किती, हा जो मूळ प्रश्न, तो शाळेच्या दारात कुणी विचारलाच नाही.

एक उदाहरण मी शिक्षकांच्या प्रत्येक शिबिरात करून दाखवतो. डेमिंगचाच खेळ आहे. एका परातीत ४,००० मणी, त्यात ८०० लाल, बाकी पांढरे. पन्नास खळगे असलेली एक फळी. सहा जणांनी पाळीपाळीनं ती मण्यांत बुडवून वर काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगलं काम, लाल म्हणजे दोष. जुन्नर तालुक्यातल्या एका शिबिरात एका बाईंच्या फळीवर सहा लाल आले, एका गुरुजींच्या पंधरा. ठरल्याप्रमाणे मी बाईंचं कौतुक केलं, गुरुजींना 'लक्ष द्या' म्हटलं. दुसऱ्या फेरीत बाईंचे बारा आले, गुरुजींचे नऊ. लगेच कुणीतरी मागून म्हणालं, "बोलणी खाल्ली की माणूस सुधारतो." मग फळ्यावर हिशोब मांडला. पन्नासात सरासरी दहा लाल येणारच, आणि हात कुणाचाही असो, दोनपासून अठरापर्यंत काहीही येऊ शकतं. लाल मणी परातीत आहेत, हातात नाहीत. हॉलमध्ये शांतता झाली. मग ते पंधरावाले गुरुजी उठले आणि म्हणाले, "माझ्या शाळेचा पट बारा आहे. एक पोरगं आजारी पडलं की माझा निकाल आठ टक्क्यांनी उतरतो आणि केंद्राच्या यादीत मी तळाला जातो. पुढच्या वर्षी तेच पोरगं पास झालं की मी आदर्श."

हा हिशोब प्रत्येक गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. लहान शाळेची टक्केवारी मोठ्या शाळेपेक्षा जास्त हेलकावणारच. म्हणून यादीच्या डोक्यावरही लहान शाळा असतात आणि तळालाही. त्यात शिक्षकाचा गुण किंवा दोष वाचणं म्हणजे मण्यांवरून माणसाची परीक्षा घेणं.

आकडा घसरला म्हणजे काम बिघडलं, हेही तितकंच घाईचं. २०१० च्या सुमारास नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी परीक्षेतली कॉपी बंद करण्याची मोहीम घेतली. बोर्डाचा निकाल धाडकन खाली आला. आधीचा आकडा त्या मुंग्यांच्या रांगेसारखाच होता, स्वच्छ आणि खोटा. नांदेडच्या त्या घसरलेल्या निकालाला मी गेल्या वीस वर्षांतलं महाराष्ट्राच्या शिक्षणातलं सर्वांत प्रामाणिक मोजमाप मानतो.

२०१५ मध्ये राज्यानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हाती घेतलं. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे हा त्याचा गाभा, आणि त्यासाठी पायाभूत चाचणी, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच मूल कुठं आहे ते पाहणं. कल्पना उत्तम होती. क्वालिटीच्या माणसाला याहून वेगळं काय हवं? पण गुण ऑनलाइन भरायचे, वर तुलना व्हायची. एका शाळेतला एका वर्गाचा तक्ता माझ्यासमोर आला तेव्हा जुनी कळ पुन्हा उठली. तेवीस मुलं, ४० पैकी सगळे गुण ३४ ते ३७ च्या दरम्यान. त्या बाईंना मी काहीही विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांत ते दोन मेमो मिळालेले ऑपरेटर दिसत होते.

याच्या अगदी उलट रीत 'असर'ची. मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम'नं २००५ पासून ही पाहणी चालवली. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं, आणि घराच्या ओट्यावर मुलासमोर धरलेला एक कागद. अक्षरं, शब्द, सोपा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठं अडतं तेवढं लिहायचं. शाळेचं नाव बदनाम होत नाही, कुणाला नोटीस जात नाही, म्हणून आकडा खरा राहतो. ग्रामीण भारतात पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येते त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये निम्म्याच्या थोडं वर होतं, करोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांवर आलं, २०२४ मध्ये ४८.८ वर चढलं. हे आकडे दुखतात, पण त्यांच्यावर तेलाचे डाग आहेत.

आणि त्या एका पानाचा खरा उपयोग जिल्ह्याच्या तक्त्यापेक्षा वर्गात होतो. मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे दिवसातला थोडा वेळ एकत्र बसवायचं आणि तिथून पुढं न्यायचं. या वाटेवरचा सुरुवातीचा एक प्रयोग, 'बालसखी', मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत झाला होता आणि पुढं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी-एस्थर डफ्लो यांनी त्याचं मोजमाप केलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत मी जुन्नरकडच्या, त्या पंधरावाल्या गुरुजींच्याच केंद्रातल्या एका दोनशिक्षकी शाळेत गेलो. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला बाईंनी एक तक्ता चिकटवला होता. दार बंद केलं की दिसत नाही. पाच रकाने, अक्षराच्याही मागे असलेल्या मुलांपासून गोष्टीपर्यंत, आणि प्रत्येकात मुलांची नावं. खाली दिवसागणिक हजेरीची टिंबं जोडलेली. दर मंगळवारी टिंब खाली.

"मंगळवारी बाजार असतो," बाई म्हणाल्या. "आईबाप बाजाराला गेले की मोठी पोरं धाकट्यांना सांभाळायला घरी. मी वाचनाचा तास मंगळवारी ठेवायचे. आता बुधवारी घेते."

मला तुकारामांचं गार पडलेलं मशीन आठवलं. मी विचारलं, हे केंद्रप्रमुखांना दाखवलं का. त्या हसल्या आणि मान हलवून नाही म्हणाल्या. तक्त्यावर सगळी नावं शिसपेन्सिलीनं लिहिलेली होती. काही जागी कागद खोडून खोडून पातळ झाला होता, एका ठिकाणी तर भोक पडलं होतं.

"पेनानं का नाही लिहीत?"

"सर, दर महिन्याला नावं पुढच्या रकान्यात सरकतात. खोडावी लागतात ना."