पणजीचे नाव काय होते?

"काकू, पणजीचे नाव काय होते?"

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात शिकणाऱ्या पुतणीचा फोन आला आणि जयपूरच्या आदर्श नगरमधले आमचे घर क्षणभर गप्प झाले. तिला शाळेसाठी घराण्याची वंशावळ करायची होती. सासूबाईंनी सात पिढ्यांतल्या पुरुषांची नावे घडाघडा सांगितली. पण स्वतःच्या सासूचे नाव काही त्यांना सांगता येईना. "माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या गं. सगळे त्यांना 'बाई'च म्हणायचे," एवढेच त्या म्हणाल्या.

पुतणी हसून म्हणाली, "म्हणजे आमच्या मार्थासारखंच!"

ही मार्था म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनची पत्नी. २ जून १७३१ रोजी व्हर्जिनियात जन्मली तेव्हा ती मार्था डँड्रिज होती. १७५० साली लग्न होऊन मार्था कस्टिस झाली. पुढे वैधव्य आले आणि १७५९ साली दुसरे लग्न होऊन ती मार्था वॉशिंग्टन झाली. एकाच बाईची तीन आडनावे! ती थोरामोठ्याची बायको, म्हणून सगळे नोंदले गेले. सामान्य बाईचे काय? तेव्हा अमेरिकेच्या वसाहतींत इंग्रजी कायदा चाले आणि त्यात लग्न झालेल्या स्त्रीला नवऱ्याहून वेगळे अस्तित्वच नसे. म्हणून तिचा माग काढणारे लोक चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी, घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्मतारखा आणि वडिलांचे मृत्युपत्र धुंडाळतात. 'माझी मुलगी अमुक, तमक्याची बायको' अशी एक ओळ मिळाली, की माहेर आणि सासर जुळते.

नावही बदलते

आपल्याकडे तर आडनावाबरोबर नावही बदलायची रीत. डॉ. आनंदीबाई जोशींचेच पाहा ना. १८६५ साली जन्मलेली ही कल्याणच्या गणपतराव जोशींची लेक यमुना. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. त्यातून माहेरही जोशी आणि सासरही जोशी! नुसत्या आडनावावरून शोधणारा हमखास चकला असता. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांना मुलीसारखी माया देणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे त्यांच्या अस्थी पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचा दगड आजही आहे. आनंदीबाईंची चरित्रे लिहिली गेली, म्हणून यमुना आपल्याला ठाऊक. आपल्या पणज्यांची चरित्रे कोण लिहिणार?

शोधायचे कुठे?

फाळणीनंतर सिंध-पंजाबातून आलेल्या अनेक कुटुंबांनी आदर्श नगरात घरे बांधली. त्यांची दारे, कागदपत्रे, सगळे सरहद्दीपलीकडे राहिले. पण अशा घरांना हरिद्वारच्या पंड्यांच्या लांबलचक वह्यांत आपले पूर्वज सापडू शकतात. मूळ गाव आणि जात सांगितली, की वही उघडते. महाराष्ट्रातल्या घराण्यांच्या अशा नोंदी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे असतात. मात्र या वह्या मुख्यतः पुरुषांच्या साखळीने चालतात. आजीचा शोध घ्यायचा तर तिच्या माहेरचे गाव आणि आडनाव आधी हाती हवे.

ते मिळायच्या जागा आहेत. जमिनीच्या जुन्या फेरफार नोंदीत वारस म्हणून विधवेचे, कधी मुलीचेही नाव येते. तहसील कचेरीत गाव नमुना चौदाची, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही असते. भावांच्या शाळेच्या दाखल्यावर गाव असते. काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत असतात आणि त्यांत सुनांची माहेरेही दिलेली आढळतात. घरातल्या ट्रंकेत लग्नपत्रिका असते.

आणि माळ्यावर भांडी असतात! हे मात्र आम्हाला सासूबाईंनीच सुचवले. दुपारभर शोधून पितळेची एक जुनी कळशी खाली काढली. काठाखाली अक्षरे कोरलेली होती. वर्षानुवर्षे राख आणि चिंच लावून घासल्यामुळे नेमके नावच पुसून गेले होते. बोटाने चाचपून वाचता आले ते एवढेच: 'मामाकडून, मिरज, शके १८३२.' म्हणजे इसवी सन १९१०. कळशी पुन्हा पुन्हा फिरवून पाहणाऱ्या सासूबाईंचे डोळे भरून आले. "घासली मीच गं इतकी वर्षं," त्या म्हणाल्या.

नाव अजून मिळालेले नाही. पण आता आमच्याजवळ एक गाव आहे, एक साल आहे. मिरजेच्या त्या मामांच्या घराण्याचा शोध सुरू केला आहे.

आता काळ थोडा बदलतो आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला आहे. पण त्याआधीच्या आयांचे काय? ते काम आपलेच.

म्हणून वाचकहो, आज रात्रीची जेवणे झाली, की घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ वही घेऊन बसा. तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, आजीचे नाव आणि त्या दोघींची माहेरची गावे लिहून घ्या. आम्ही त्या रात्री तेच केले. पहिल्या ओळीत सासूबाईंचे माहेरचे नाव लिहिले. तीस वर्षे त्यांच्याबरोबर एका घरात राहूनही ते मी तोवर कधी विचारले नव्हते.