सी ड्राइव्ह लाल झालाय?

फायनल इयरला गेम बनवायचा ठरला, की चार दोस्त चार लॅपटॉपवर युनिटी टाकतात आणि कामाला लागतात. खरा गोंधळ सुरू होतो सबमिशनच्या आठवड्यात. एकाच्या लॅपटॉपवर जागा उरत नाही, दुसऱ्याकडे प्रोजेक्ट उघडत नाही आणि पेन ड्राइव्हवर कॉपी होता होता रात्र सरते. हे टाळायचं तर प्रोजेक्टमध्ये तुमचं काम कोणतं आणि इंजिनने स्वतःच्या सोयीसाठी मांडलेला पसारा कोणता, हे आधी ओळखा.

युनिटीत तुमचं काम असतं 'असेट्स', 'पॅकेजेस' आणि 'प्रोजेक्ट सेटिंग्ज' या तीन फोल्डरमध्ये. बॅकअप घ्यायचा तो यांचा. 'लायब्ररी' फोल्डर अनेकदा या तिघांपेक्षा जड असतो. पण युनिटी बंद करून तो उडवला तरी बिघडत नाही. प्रोजेक्ट पुन्हा उघडला की तो परत तयार होतो, फक्त वेळ जास्त लागतो. अनरिअलमधला 'इंटरमीजिएट' आणि गोडो ४ मधला 'डॉट गोडो' हे फोल्डरही त्याच जातीचे.

मात्र असेट्समधल्या 'डॉट मेटा' फायली कचरा समजून डिलीट करू नका. प्रत्येक चित्राची, आवाजाची ओळख त्यांच्यात नोंदलेली असते. त्या गेल्या, की सीनमधल्या जोडण्या तुटतात.

आता व्हर्जनचं बघू. ग्रुपमध्ये सगळ्यांकडे अगदी एकच व्हर्जन हवं. नव्यात उघडलेला प्रोजेक्ट जुन्यात नीट चालेलच, याची खात्री नसते. कोणतं व्हर्जन वापरलंय, ते 'प्रोजेक्ट सेटिंग्ज'मधल्या 'प्रोजेक्ट व्हर्जन' या टेक्स्ट फाइलमध्ये सापडेल. नको असलेली व्हर्जन्स युनिटी हबमधूनच काढा. अँड्रॉइडसाठी गेम करत नसाल, तर त्याचं मॉड्यूल घेऊच नका. इंजिन कुठे बसवायचं, ती जागाही हबच्या प्रेफरन्सेसमध्ये बदलता येते. डी ड्राइव्ह मोकळा असेल तर तो द्या.

'फायनल', 'फायनल २' अशा झिप फायली पाठवत बसण्यापेक्षा गिट शिका. 'गिटइग्नोर' फाइल पहिल्याच दिवशी टाकली, की लायब्ररीसारखा पसारा वर चढत नाही. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल थेट घेत नाही. त्यासाठी 'गिट एलएफएस' वापरावं लागतं.

आणि सबमिशनच्या आठवडाभर आधी तो बॅकअप दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडून बघा. तिथे गेम चालला, की मग निवांत झोपा.