फ्री किक व्यवस्थापन (फुटबॉल)

फुटबॉलमध्ये फ्री किकच्या वेळी चेंडूची जागा निश्चित करणे, प्रतिस्पर्धी खेळाडूंना ठरलेल्या अंतरावर नेणे आणि त्या दरम्यान खेळाडूंचे वर्तन नियंत्रणात ठेवणे या पंचाच्या कामांना एकत्रितपणे फ्री किक व्यवस्थापन म्हणतात. फ्री किकसंबंधीच्या तरतुदी आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळाच्या (आयएफएबी) नियमावलीतील तेराव्या नियमात आहेत. नियम अंतर सांगतो. परंतु ते दाखवणारी रेषा मैदानावर सहसा नसते. ती पंचाने ठरवायची आणि खेळाडूंनी मानायची असते. त्यामुळे अंतराचा प्रश्न आणि पंचाविषयीच्या आदराचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

चेंडूची जागा

फ्री किक सामान्यतः जेथे नियमभंग झाला तेथूनच घेतली जाते. याला काही अपवाद आहेत. बचाव करणाऱ्या संघाला स्वतःच्या गोल क्षेत्रात मिळालेली फ्री किक त्या क्षेत्रातील कोणत्याही बिंदूवरून घेता येते. आक्रमक संघाला प्रतिस्पर्ध्याच्या गोल क्षेत्रात अप्रत्यक्ष फ्री किक मिळाल्यास चेंडू गोलरेषेला समांतर असलेल्या गोल क्षेत्राच्या रेषेवर ठेवला जातो. किक मारताना चेंडू स्थिर असावा लागतो.

थेट फ्री किकवरून सरळ गोल करता येतो. अप्रत्यक्ष फ्री किकवर चेंडूला दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श होणे आवश्यक असते. अप्रत्यक्ष फ्री किक दर्शवण्यासाठी पंच हात डोक्यावर उंच धरतो.

अंतर आणि बचावाची भिंत

चेंडू खेळात येईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांनी त्यापासून किमान ९.१५ मीटर (१० यार्ड) दूर राहावे लागते. पूर्वी हे अंतर ६ यार्ड होते. १९१३ मध्ये ते वाढवण्यात आले. अप्रत्यक्ष फ्री किक गोलरेषेपासून याहून कमी अंतरावर असेल, तर बचावपटू दोन्ही खांबांच्या मधील गोलरेषेवर उभे राहू शकतात.

रायगड जिल्ह्यात तळा-रोहा परिसरापासून अलिबागपर्यंत गावोगावी खेळल्या जाणाऱ्या कबड्डीशी तुलना केल्यास यातील अडचण स्पष्ट होते. कबड्डीत मध्यरेषा, निदान रेषा आणि बोनस रेषा आधीच आखलेल्या असतात. फुटबॉलमध्ये ९.१५ मीटरचे माप मध्यवर्तुळाच्या त्रिज्येत आणि पेनल्टी क्षेत्राबाहेरील कमानीत दिसते. इतरत्र पंचाला ते नजरेने ठरवावे लागते. सरावासाठी अनेक पंच मध्यवर्तुळाची त्रिज्या डोळ्यांत बसवून घेतात.

तीन किंवा अधिक बचावपटूंनी भिंत केल्यास आक्रमक खेळाडूंनी तिच्यापासून किमान १ मीटर दूर राहावे, असा नियम २०१९ मध्ये आला. भिंतीतील ढकलाढकली आणि त्यातून होणारा विलंब टाळणे हा त्याचा हेतू आहे.

काही वेळाने आपोआप नाहीसा होणारा फवारा वापरण्यास मंडळाने २०१२ मध्ये मान्यता दिली. २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात त्याचा वापर जगभर पाहिला गेला. पंच चेंडूची जागा आणि भिंतीची रेषा फवाऱ्याने दाखवतो. नसलेली रेषा त्यामुळे काही क्षणांपुरती सर्वांना दिसते आणि पुढे सरकणारा पाय लपत नाही.

जलद आणि शिट्टीवरील फ्री किक

ज्या संघाविरुद्ध नियमभंग झाला त्याला किक त्वरित घेण्याची मुभा असते. अशा वेळी जवळ असलेल्या प्रतिस्पर्ध्याने चेंडू अडवल्यास पंच खेळ चालू ठेवू शकतो; मात्र किक घेऊ न देण्यासाठी मुद्दाम आडवे येणाऱ्यास पिवळे कार्ड दाखवले जाते. संघाने अंतराची मागणी केल्यास किंवा पंचाला कार्ड दाखवायचे असल्यास पंच शिट्टीकडे निर्देश करून थांबण्याची सूचना देतो. त्यानंतर शिट्टीपूर्वी घेतलेली किक ग्राह्य धरली जात नाही. ही सूचना स्पष्ट नसली, तर दोन्ही संघांत वाद उद्भवतो. भिंत मागे नेताना पंच चेंडूवरही लक्ष ठेवतो, कारण पाठ वळताच चेंडू पुढे सरकवला जाऊ शकतो.

आदर आणि शिस्त

ठरलेले अंतर न पाळणे, किक घेण्यास विलंब लावणे आणि शब्दांनी किंवा हावभावांनी निषेध करणे हे पिवळ्या कार्डाचे अपराध आहेत. प्रत्यक्षात पंच बहुधा टप्प्याटप्प्याने जातो: आधी नजर किंवा हाताचा इशारा, मग मोजका शब्द, त्यानंतर कर्णधारासमक्ष समज आणि शेवटी कार्ड. पहिल्या फ्री किकला अंतर काटेकोर पाळून घेतल्यास पुढील वेळी तोच दंडक मानला जाण्याची शक्यता वाढते.

केवळ शिक्षा वाढवून आदर निर्माण होतो का, याचा प्रयोगही झाला. २००० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये, निषेध करणाऱ्या किंवा अंतर न पाळणाऱ्या संघाविरुद्धची फ्री किक १० यार्ड पुढे नेण्याची तरतूद वापरली गेली. मात्र गोलाजवळ हा बदल प्रत्येक वेळी फायद्याचा नसतो: चेंडू भिंतीवरून उचलून पुन्हा खाली आणण्यास कमी जागा उरते. हा प्रयोग २००५ मध्ये बंद करण्यात आला. अलीकडे संवादाची वाट मर्यादित करण्यावर भर आहे. २०२४ च्या युरो स्पर्धेत निर्णयाबाबत पंचाशी बोलण्यास केवळ कर्णधाराला मुभा होती. कर्णधार गोलरक्षक असल्यास दुसऱ्या खेळाडूची नेमणूक करावी लागे.

महाराष्ट्र आणि गोव्यातील संदर्भ

महाराष्ट्रातील फुटबॉलचे नियमन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन करते. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक स्पर्धा होत असे. कोल्हापुरात तालीम मंडळांचे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर खेळतात. पेठापेठांतील चुरशीमुळे तेथील सामन्यांना मोठी गर्दी होते आणि पंचाचा प्रत्येक निर्णय प्रेक्षकांच्या नजरेत असतो. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने आणि २०२२ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डनमधील १७ वर्षांखालील महिला विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून काम पाहिले.

शालेय आणि ग्रामीण सामन्यांत फवारा किंवा पूर्ण आखलेले मैदान असेलच असे नाही. तेथे पंचाची पावले हेच माप ठरते. दोन्ही संघांसाठी ते सारखे वापरले गेले, तरच खेळाडू ते स्वीकारतात.