वाऱ्याचे पाय, तोलाचे पाय

नेदरलँड्समधल्या श्केव्हेनिंगनच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पिवळसर नळ्यांची अजस्र जनावरं चालतात. मोटार नाही, इंजिन नाही. शिडांत वारा भरला की पायांची रांगच्या रांग लयीत उचलली जाते. भौतिकशास्त्र शिकता शिकता चित्रकलेकडे वळलेले थिओ यान्सेन १९९०पासून ‘स्ट्रँडबीस्ट’ नावाची ही चालती शिल्पं घडवत आहेत. सांगाडा कशाचा, तर घरात विजेच्या तारा ओवतात त्या प्लास्टिकच्या नळ्यांचा.

यातला एकच पाय नीट पाहावा. त्याला हलवणारा क्रँक गोल फिरतो, पण पावलाची वाट गोल नसते. खाली ती जवळपास सपाट असते आणि वर कमानीसारखी. पाऊल वाळूवर टेकून सरळ मागे जातं, मग चटकन उचलून पुढे येतं. म्हणून जनावराचं अंग हेलकावत नाही, एका पातळीत पुढे सरकतं. ही किमया नळ्यांच्या लांबींच्या अकरा आकड्यांत आहे. ते आकडे शोधायला यान्सेन यांनी अटारी संगणकावर पंधराशे पाय कल्पिले, त्यातले उत्तम शंभर निवडले, त्यांच्या लांबींची सरमिसळ करून पुढची पिढी काढली आणि हेच महिनोन्‌महिने चालू ठेवलं. सगळा विचार आधीच हाडांत मुरलेला; किनाऱ्यावर उरतो तो फक्त वारा.

बोस्टन डायनॅमिक्सच्या ‘बिगडॉग’ या चार पायांच्या यंत्रमानवाचं याच्या उलट आहे. २००८च्या चित्रफितीत तो बर्फावर घसरतो. पाय फाकतात, अंग कलतं, आता कोसळणार असं वाटत असतानाच तो धडपडत उभा राहतो. अंगातली संवेदकं कल सांगतात आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. कंपनीचे संस्थापक मार्क रायबर्ट यांनी १९८०च्या दशकात एका पायावर उड्या मारणाऱ्या यंत्रावर हेच तत्त्व घोटलं होतं. स्ट्रँडबीस्ट पाहताना मन शांत होतं. बिगडॉग पाहताना जीव टांगणीला लागतो. २०१५मध्ये त्याच कंपनीच्या ‘स्पॉट’ या यंत्रमानवाला लाथ मारलेली पाहून अनेकांना कळवळा आला, तो याचमुळे. जे पडू शकतं, त्याची काळजी वाटते.

मग शिल्प आणि यंत्रमानव यांच्यात काही समान आहे का? उत्तर टॅड मॅकगीर यांच्या प्रयोगात मिळतं. यान्सेन यांनी सुरुवात केली त्याच १९९० साली या संशोधकाने दाखवून दिलं की पायांची लांबी आणि वजनाची विभागणी नेमकी जमली, तर मोटार नसलेलं यंत्रही हलक्या उतारावरून नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालतं. आणि त्याची चाल माणसासारखी दिसते! याउलट होंडाचा २०००मधला ‘असिमो’ हा यंत्रमानव गुडघे वाकवून, प्रत्येक क्षणी तोल मुठीत धरून चालायचा. अभियांत्रिकी म्हणून तो थोरच, पण ती चाल अवघडलेली वाटे.

म्हणून चालत्या यंत्राच्या सौंदर्याची माझी कसोटी अशी: बाहेरच्या बलाला ते किती वाव देतं? यान्सेन वाऱ्याला वाव देतात, मॅकगीर उताराला, रायबर्ट पडण्याला. तिघांच्याही यंत्रांना चाल आहे. दालनात मांडलं म्हणून शिल्प आणि प्रयोगशाळेत घडलं म्हणून यंत्र, ही वाटणी त्यापुढे फार तोकडी पडते.