सेकंड शिफ्टवाल्यांचा टीव्ही

तारापूर एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांत सेकंड शिफ्ट दुपारी तीनला लागते आणि रात्री अकराला सुटते. म्हणजे गेल्या पन्नास वर्षांत मराठी घरांनी जे जे एकत्र बसून पाहिलं, ते सेकंड शिफ्टवाल्याच्या गैरहजेरीत पाहिलं. सातच्या बातम्या, साडेसातची मालिका, दिवस-रात्र सामन्याचा रंगात आलेला दुसरा डाव. तो तेव्हा बॉयलरपाशी, लूमपाशी किंवा पॅकिंगच्या टेबलापाशी उभा. नाईटवाला जेमतेम बातम्या बघून डबा घेऊन निघायचा. पालघरहून मुंबईला अप-डाऊन करणाऱ्याचीही गत फार वेगळी नव्हती, कारण त्याची गाडी येईपर्यंत घरचं जेवण आटोपलेलं असायचं.

ओटीटीचा पॅक घ्यावा की नको, पैसे वसूल होतात का, यावर हल्ली घराघरांत चर्चा होते. पुण्या-मुंबईत ती बहुधा कोणती सिरीज कुठल्या ॲपवर आहे इथून सुरू होते. आमच्या या पट्ट्यात ती घरातल्या कर्त्या माणसाची ड्युटी कधी सुटते इथून सुरू व्हायला हवी असं मला वाटतं. मागे वळून पाहिलं की ते आणखी पटतं.

तारापूर अणुवीज केंद्र 1969च्या ऑक्टोबरात व्यापारी तत्त्वावर सुरू झालं. मुंबई दूरदर्शन आलं 2 ऑक्टोबर 1972ला. आधी अणुभट्टी आणि मग टीव्ही, हा क्रम देशात फार ठिकाणी सापडणार नाही. सत्तरच्या दशकात एमआयडीसी उभी राहिली आणि बोईसर हे खेडं बघता बघता तीन पाळ्यांचं गाव झालं. दूरदर्शनचं प्रक्षेपण वरळीहून व्हायचं. इतक्या लांब ते पकडायचं म्हणजे ॲन्टेना उंच पाइपावर चढवायचा, एकाने वर जाऊन तो फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचं. मुंग्या कमी झाल्या की चित्र आलं म्हणायचं.

त्या टीव्हीलाही वर्गणी होती, हे आज कितीजणांच्या लक्षात असेल? रेडिओप्रमाणे टीव्हीचाही परवाना असायचा. पोस्टात जाऊन वर्षाचे 50 रुपये भरायचे आणि पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. 1985च्या सुमारास हे परवाने बंद झाले. तोवर टीव्हीवर जाहिरातीही आल्या होत्या, त्यामुळे पैसे देऊनही जाहिराती बघाव्या लागतात ही आजची कुरकुर काही नवी नाही.

‘रामायण’ 1987च्या जानेवारीत सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, ही आठवण सगळा महाराष्ट्र सांगतो. पण रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यातला सलग चालणारा प्लांट रविवार पाळत नाही, अणुवीज केंद्र तर मुळीच नाही. फर्स्ट शिफ्टवाला सीता-स्वयंवर झालं की नाही हे ड्युटी सुटल्यावर आदल्या रात्री नाईट केलेल्या माणसाकडून ऐकायचा. तो माणूस सकाळी घरी येऊन, डोळे चोळत, भाग बघूनच झोपलेला असायचा.

हे गणित पहिल्यांदा मोडलं ते व्हीसीआरने. आपल्याकडे व्हीसीआरचा इतिहास चाळीतल्या सत्यनारायणाच्या रात्रीपुरता किंवा गणपतीच्या जागरणापुरता सांगितला जातो. औद्योगिक वसाहतीत त्याचं काम वेगळं होतं. व्हीसीआर भाड्याने आणायचा, एका खोलीत राहणाऱ्या सगळ्या कामगारांनी वर्गणी काढायची आणि अकराला सुटलेली मंडळी आली की सिनेमा लावायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ड्युटी नसल्यामुळे रात्रभर तीन-तीन कॅसेट चालत. कॅसेटच्या दर्जाविषयी न बोललेलं बरं. पण कार्यक्रम माणसाच्या वेळेने लागला, माणूस कार्यक्रमाच्या वेळेने धावला नाही, हे इथे पहिल्यांदाच घडत होतं. त्यासाठी माणसं खिशात हात घालायला तयार आहेत हेही तेव्हाच कळलं. आजच्या सबस्क्रिप्शनचं मूळ मला परवान्याच्या पुस्तिकेत दिसत नाही, या खोलीतल्या वर्गणीत दिसतं.

केबलचा काळ मी भराभर सांगतो, कारण तो सगळीकडे सारखाच होता. 1991च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या आल्या, 1992च्या ऑक्टोबरात झी आलं, 1999ला अल्फा मराठी, 2000ला ईटीव्ही मराठी. झाडाझाडावरून आणि गच्चीगच्चीवरून काळ्या तारा गेल्या. केबलवाला दर महिन्याला दारात यायचा आणि ठरलेली रक्कम न्यायचा. त्या रकमेत काय काय मिळतं हे कोणी विचारत नव्हतं. शिफ्टवाल्याला केबलने दिलेली मोठी देणगी म्हणजे सकाळचं आणि दुपारचं पुनःप्रक्षेपण. रात्री हुकलेला भाग दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी दिसू लागला. तेवढ्यात लोडशेडिंग आलं नाही तर. दोन हजारच्या दशकातल्या भारनियमनाची आठवण या भागात जरा जास्तच टोचते, कारण अणुवीज केंद्राच्या चिमण्या घरातून दिसतात आणि टीव्ही बंद.

दरम्यान पूर्वेकडच्या पाड्यांवर वेगळाच मार्ग निघाला होता. डिसेंबर 2004मध्ये दूरदर्शनने मासिक शुल्क नसलेली डीटीएच सेवा सुरू केली, तीच आजची फ्री डिश. तबकडी आणि डबा एकदा विकत घ्यायचा, पुढे काही द्यायचं नाही. महिन्याचं उत्पन्न ठरलेलं नाही, भातकापणीनंतर कामासाठी घर बंद करून वीटभट्टीवर जायचं, अशा घराला हा व्यवहार कळायला सोपा होता. बंद घराची वर्गणी कोण भरणार?

‘हे घ्यायचं की नाही’ असा हिशेब घराघरात खऱ्या अर्थाने मांडला गेला 2019च्या फेब्रुवारीत. दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या नियमांनुसार प्रत्येक वाहिनीची किंमत उघड झाली. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीला 130 रुपये, जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, आणि वर प्रत्येक सशुल्क वाहिनीचे वेगळे. गुच्छात घालायची तर एका वाहिनीची किंमत 19 रुपयांच्या वर नको. लोक कागद-पेन घेऊन बसले. आजीला एक मराठी वाहिनी, नातवाला कार्टून, मुलाला क्रिकेट. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बापाच्या नावापुढे बऱ्याच घरांत काहीच लिहिलं गेलं नसेल, कारण तोवर त्याने वेगळा पडदा शोधला होता.

तो पडदा म्हणजे मोबाइल. 2013च्या एप्रिलमध्ये विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, ऑगस्ट 2014ला पालघर जिल्हा झाला आणि सप्टेंबर 2016ला जिओ आलं. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून लांबच्या वाटतात. पण लोकलमुळे अप-डाऊन करणारे वाढले आणि स्वस्त डेटामुळे त्यांच्या हातात दीड-दोन तास मोकळे आले. वैतरणेच्या खाडीवर आणि मधल्या काही टप्प्यांत नेटवर्क रुसतं, म्हणून जाणकार प्रवासी घरीच भाग डाउनलोड करून निघतो. डाउनलोडची सोय बहुतेक ॲप पैसे भरणाऱ्यालाच देतात. माझ्या मते पालघरच्या माणसाने पैसे भरायचं हे सगळ्यात प्रामाणिक कारण आहे, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो.

दरांचा प्रवास मात्र सरळ झाला नाही. नेटफ्लिक्स 2016च्या जानेवारीत भारतात आलं तेव्हा सर्वात स्वस्त योजना महिना 500 रुपयांची होती. बोईसरच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराने त्याकडे पाहण्याचं कारणच नव्हतं. 2019ला फक्त मोबाइलवर चालणारी 199ची योजना आली आणि डिसेंबर 2021मध्ये ती 149वर उतरली. त्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी 999वरून 1,499 झाली. हॉटस्टारने 2019ला 365 रुपयांत वर्ष देऊ केलं होतं, दिवसाला एक रुपया. 2023ला आयपीएल जिओसिनेमावर चक्क फुकट दिसली. ज्यांनी क्रिकेटसाठी पैसे भरले होते त्यांचा चेहरा आठवा. पुढच्या वर्षी तिथेच जाहिरातींशिवायच्या मनोरंजनाचे महिना 29 रुपये लागले, आणि फेब्रुवारी 2025ला दोन्ही ॲप एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं, तिथे मोबाइलची योजना तीन महिन्यांना 149. त्याच वर्षी जूनपासून प्राइमवर पैसे भरूनही जाहिराती दिसू लागल्या, त्या नको असतील तर वर्षाला आणखी 699.

मधे टाळेबंदीचं वर्ष गेलं. मार्च 2020च्या शेवटी लोकल बंद झाल्या आणि 28 मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा ‘रामायण’ लागलं. 1987ला ज्यांचे भाग हुकले होते ते आता निवृत्त होऊन घरीच होते. सांगायचं एवढंच की ओटीटीच्या ऐन भरात, लोकांना सर्वात जास्त वेळ असताना, गर्दी खेचली ती फुकटच्या जुन्या मालिकेने.

आता हिशेब. महिना 149 रुपयांची योजना घेऊन सेकंड शिफ्टचा माणूस रात्री जेवल्यावर रोज अर्धा तास बघत असेल, तर महिन्याला पंधरा तास होतात, तासाला दहा रुपये. कटिंग चहाच्या भावात हे महाग नाही. जनरल शिफ्टचा माणूस सहाला घरी येऊन सगळ्यांबरोबर केबलच बघत असेल, तर तेच 149 त्याला बारा महिने न उघडलेल्या ॲपचे पडतात. फिरत्या पाळीत तर दोन्ही प्रकार एकाच महिन्यात येतात. म्हणून वार्षिक योजना स्वस्त दिसली तरी मी ती सुचवणार नाही. एखादी गोष्ट बघायची ठरली की महिन्याचं घ्यावं, बघावी, बंद करावं. शिवाय मोबाइलची योजना एकाच फोनवर चालते. रविवारी पोरांनी टीव्हीवर लाव म्हटलं की बाप अडकला.

बंद करण्यातच खरी मेख आहे. पैसे जातात ते आपोआप वळते होण्यामुळे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर 2021पासून अशी रक्कम कापण्याच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. संदेश येतोही, पण तो नाईट करून झोपलेल्या माणसाच्या फोनवर सकाळी दहाला, कर्जाच्या आणि लॉटरीच्या संदेशांमध्ये. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा एक कोपरा असतो. पगार झाला की तो उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. कुठली सिरीज चांगली या चर्चेपेक्षा ती दोन मिनिटं जास्त पैसे वाचवतात.

आणि मराठी किती मिळतं? मोठ्या परदेशी ॲपवर चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ 2021ला आला तेव्हा अभिमान वाटला, पण एका चित्रपटावर वर्षभर वर्गणी चालत नाही. त्याच वर्षी प्लॅनेट मराठी हे खास मराठीचं ॲप आलं. तरी इथल्या खोल्यांमध्ये संध्याकाळी कान दिला तर ऐकू येतं ते यूट्यूब. उत्तरेकडून आलेल्या कामगारांचे भोजपुरी सिनेमे, सातपाटी-मुरब्याकडची कोळीगीतं, वारली पाड्यांवरची तारप्याची आणि लग्नाची गाणी. यातलं बहुतेक कुठल्याही सशुल्क ॲपवर नाही. त्यामुळे पैसे न भरणारा माणूस काही चुकवतोय असं समजायचं कारण नाही, त्याला हवं ते त्याला मिळतंय.

हिवाळा लागला की यात टेनिस बॉल क्रिकेटची भर पडते. गावोगावच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दिसतात, दोन-तीन कॅमेरे, धावफलक, मराठी समालोचन आणि मधूनच ‘अमक्याची मोटरसायकल रस्त्यात उभी आहे, काढावी’ अशी सूचना. कंपनीत ड्युटीवर असलेला माणूस सुट्टीत आपल्या गावाची मॅच मागे ओढून पहिल्या षटकापासून बघतो. कॅमेऱ्यांचा खर्च आयोजक मंडळ करतं, त्यासाठी बॅनरवर हार्डवेअरच्या दुकानाचं आणि होऊ घातलेल्या नगरसेवकाचं नाव असतं. बघणाऱ्याला एक पैसा पडत नाही, आणि मॅच संपली की बंद करायला काही शिल्लकही राहत नाही.