सिंफनीच्या मैफलीत तबला

सप्टेंबर २०१५. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातले जमशेद भाभा नाट्यगृह. रंगमंचावर सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वादक, समोर कंडक्टर झेन दलाल आणि तबला घेऊन बसलेले उस्ताद झाकीर हुसेन. तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी झाकीरभाईंनी रचलेला ‘पेशकार’ हा कॉन्चेर्तो त्या दिवसांत पहिल्यांदा लोकांसमोर आला. तो याच वाद्यवृंदाने त्यांच्याकडून मुद्दाम लिहवून घेतला होता.

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीपासून बारामतीपर्यंत जत्रेतला ऑर्केस्ट्रा सगळ्यांच्या ओळखीचा: कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन-तीन गायक आणि सिनेमाची गाणी. सिंफनी ऑर्केस्ट्राचा थाट वेगळा. व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांचे ताफे, त्यांच्यामागे लाकडी आणि पितळी फुंकवाद्ये, सगळ्यात मागे ताशांसारखी तालवाद्ये. प्रत्येकापुढे लिहिलेले संगीत असते आणि कोणी कधी वाजवायचे, कधी थांबायचे हे आधीच ठरलेले असते. मैफलीचा क्रमही बहुतेक ठरलेला: सुरुवातीला छोटी रचना, मग एका प्रमुख वादकाला पुढे बसवणारा कॉन्चेर्तो, मध्यंतर आणि नंतर मोठी रचना.

नवी रचना या क्रमात साधारणपणे जुन्यांच्या मधोमध बसवतात. बीथोव्हेन, चायकॉव्स्की ऐकायला आलेला श्रोता आपसूक नवेही ऐकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. लंडन, बर्मिंगहॅम, एडिंबरा असा तो प्रवास होता. तिथे ‘पेशकार’च्या सोबतीला होती रिम्स्की-कोर्साकोव्हची १८८८ सालची ‘शेहेरझाद’. अरबी कथांमधल्या त्या गोष्टी सांगणाऱ्या राणीचा आवाज म्हणजे एकटे व्हायोलिन. पूर्वेची कल्पना करणारा रशियन संगीतकार आणि माहीमला वाढलेला तबलजी एकाच संध्याकाळी ऐकायला मिळावेत, ही निवड विचार करून केलेली वाटते.

पेशकार म्हणजे एकल तबलावादनाची सुरुवात. संथ लयीत तबलजी तालाचा चेहरा उलगडून दाखवतो. पुढे कायदे, रेले, तुकडे येतात. पण हाताची खरी ओळख पटते ती इथेच. त्यात बरेचसे तिथल्या तिथे सुचलेले असते. अडचण नेमकी इथे होती. कागदाबाहेर न जाणाऱ्या वादकांना मनात आले तसे वाजवणाऱ्या कलाकाराची साथ करायची होती. मग दोघांना बांधून ठेवणार कोण? लय. आवर्तन मोजता आले की सम सगळ्यांची एकच.

झाकीरभाईंना हे साधले, कारण वडील अल्लारखाँसाहेबांकडून मिळालेली पंजाब घराण्याची तालीम पक्की होती आणि जगभरच्या वादकांबरोबर वाजवण्याचा अनुभव दांडगा होता. तबल्याला त्यांनी परदेशी सजावट म्हणून बसवले नाही. रचनेचा कणाच तबल्याच्या विचाराचा ठेवला. हेच तिचे मोठेपण.

ज्या वाद्यवृंदाने हे धाडस केले, तो तसा तरुण आहे. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ मध्ये तो उभा केला. सुरुवातीपासून त्यात परदेशी वादकांचा भरणा मोठा. इथलेच वादक तयार व्हावेत म्हणून एनसीपीएने मुलांसाठी संगीतशाळाही काढली.

नव्या सिंफनी रचनांच्या नशिबी बहुधा एकच प्रयोग येतो. पहिल्या रात्री टाळ्या, मग कपाट. ‘पेशकार’ मात्र मुंबईनंतर स्वित्झर्लंडला गेला, ब्रिटनला गेला. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीरभाई गेले. आता त्या जागी दुसऱ्या तबलजींनी बसायला हवे आणि वाजवताना झाकीरभाईंची नक्कल न करता आपला पेशकार मांडायला हवा. घराण्यात बंदिशी अशाच पुढे जातात. वाद्यवृंदाकडे कागद आहे, तबल्याकडे शिष्यपरंपरा आहे. एनसीपीएने आपल्या एखाद्या हंगामात या दोघांची पुन्हा गाठ घालून द्यावी.