बारीक होण्याची गोळी आणि हृदयाची धडधड

सिल्वासाच्या पिपरिया, मसाट, खडोली या औद्योगिक पट्ट्यांत नोकरीच्या निमित्ताने देशभरातून माणसे आली. त्यांत आपल्या सीमाभागातून गेलेली मराठी-कन्नड कुटुंबेही भेटतात. यार्नचे, प्लॅस्टिकचे, औषधांचे कारखाने, बदलत्या पाळ्या, रात्री कॅन्टीनमधला वडा-चहा आणि दिवसा तुटक तुटक झोप. अशा दिनक्रमात वजन वाढायला फार वेळ लागत नाही. मग कुणीतरी मित्र 'फॅट बर्नर'चा डबा हातात ठेवतो. लग्न ठरलेली मुलगी 'महिन्यात दहा किलो'ची जाहिरात वाचून कॅप्सूल मागवते. सिल्वासा असो, सोलापूर असो की बेळगाव, हा डबा आता सगळीकडे पोहोचला आहे.

या डब्याची एक गंमत आहे. तो घरात कुणालाच औषध वाटत नाही. "कुठली औषधे चालू आहेत?" असे डॉक्टरांनी विचारले तर बीपीची गोळी सांगितली जाते, थायरॉइडची सांगितली जाते, डब्याचे नाव मात्र निघत नाही. खरा धोका इथूनच सुरू होतो.

पराणी टोचलेला बैल

वजन घटवण्याच्या अनेक गोळ्यांत आणि पावडरींत उत्तेजक द्रव्ये असतात. शरीरात संकटाच्या वेळी अ‍ॅड्रिनॅलिन स्रवते, त्याच जातीचे काम ती करतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, भूक मरते, घाम सुटतो, झोप उडते. घेणाऱ्याला वाटते, काय ताकद आली! पण थकलेल्या बैलाला पराणी टोचली की तो धावतो, तेव्हा त्याच्या पोटात वैरण गेलेली नसते. ताकद गोळीने दिलेली नसते, शरीराकडून ओरबाडून घेतलेली असते. पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो, त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो.

सोलापूरचे एफेड्रिन

या कुळातले सर्वांत गाजलेले द्रव्य म्हणजे एफेड्रिन. एफेड्रा नावाच्या झुडपातून ते मिळते आणि प्रयोगशाळेतही बनवता येते. चिनी वैद्यकात ही वनस्पती 'मा हुआंग' म्हणून जुनीच आहे, आपल्या हिमालयातही तिची जात उगवते. १८८५ मध्ये जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी त्यातले एफेड्रिन वेगळे केले. दम्यावर ते वापरले गेले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तदाब खाली गेला तर भूलतज्ज्ञ आजही ते वापरतात. म्हणजे हे औषध आहे, आणि तेही जपून वापरायचे.

आपल्या वाचकांना एफेड्रिन हे नाव वेगळ्या कारणाने आठवेल. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून सुमारे १८ टन एफेड्रिन जप्त केले. मेथअ‍ॅम्फेटामिन हा अमली पदार्थ त्यापासून बनवता येतो, म्हणून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली त्याच्या साठ्यावर नियंत्रण आहे. हेच द्रव्य अमेरिकेत मात्र कित्येक वर्षे वजन घटवण्याच्या 'नैसर्गिक' गोळ्यांतून दुकानात खुलेआम विकले जात होते.

त्याचा हिशेब २००३ मध्ये झाला. त्या वेळेपर्यंतचे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा दिसले, की एफेड्रा घेणाऱ्यांचे वजन न घेणाऱ्यांपेक्षा महिन्याला सुमारे ९०० ग्रॅम जास्त उतरले. तेही थोड्या महिन्यांपुरते. पुढे ते टिकते याचा पुरावा नव्हता. बदल्यात धडधड, अस्वस्थता, मानसिक त्रास आणि उलट्या-मळमळ यांचे प्रमाण दुप्पट-तिप्पट. त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला स्टीव्ह बेकलर हा २३ वर्षांचा बेसबॉलपटू फ्लोरिडातील सरावानंतर उष्माघाताने दगावला. तो घेत असलेल्या एफेड्राच्या गोळ्यांचा या मृत्यूत हातभार होता, असे वैद्यकीय तपासणीत निष्पन्न झाले. एप्रिल २००४ पासून अमेरिकेने एफेड्रायुक्त पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

फुटबॉलप्रेमींना १९९४ चा विश्वचषकही आठवत असेल. वजन उतरवून मैदानात परतलेल्या मॅराडोनाच्या तपासणीत एफेड्रिन सापडले आणि स्पर्धा त्याच्यासाठी तिथेच संपली.

चिठ्ठीवर मिळत होते तेही गेले

"मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची गोळी तरी चांगली ना?" असा प्रश्न येईल. सिब्युट्रामिन ही गोळी भारतात डॉक्टर लिहून देत असत. तिची मोठी चाचणी सुमारे १०,००० लोकांवर झाली; ते ५५ वर्षांवरचे आणि हृदयविकार किंवा मधुमेह असलेले होते. २०१० मध्ये निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना साध्या गोळीच्या गटात १०० पैकी १० जणांना झाल्या, तर सिब्युट्रामिनच्या गटात ११.४ टक्के लोकांना. फरक लहान दिसतो, पण बारीक होण्यासाठी कुणी हा सौदा मुद्दाम करेल का? युरोप-अमेरिकेतून ती गोळी गेली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारनेही तिच्यावर बंदी घातली.

ही गोळी मात्र पूर्ण गेलेली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ पासून पुन्हा पुन्हा इशारे दिले, की 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन लपवून मिसळलेले सापडते. लेबलवर पानांचे चित्र, आत बंदी घातलेले रसायन! म्हणून "ताई, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" या वाक्यावर विसंबू नये. वनस्पतीतून आले म्हणून काही सौम्य ठरत नाही. एफेड्राही वनस्पतीच आहे. आणि खरा वैद्य नाडी पाहिल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय कुरियरने औषध पाठवत नाही.

डबा हातात घेऊन वाचा

आज बाजारात सर्वांत जास्त दिसणारे उत्तेजक म्हणजे कॅफिन. कपभर कडक कॉफीत ते साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम असते. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० च्या आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे, गरोदर स्त्रीने दिवसभरात २०० च्या आत, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितले. काही पावडरींच्या एकाच चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. वर दोन चहा, एक एनर्जी ड्रिंक, की मर्यादा संपलीच.

लेबलवर 'ग्वाराना' दिसले तर तेही कॅफिनच समजा. 'बिटर ऑरेंज' किंवा 'सायनेफ्रिन' हे एफेड्रावर बंदी आल्यावर पुढे आलेले द्रव्य. 'योहिम्बिन' दिसले तर डबा खाली ठेवा. ग्रीन टीचा कप वेगळा आणि तिचा तीव्र अर्क वेगळा. मोठ्या मात्रेत हा अर्क यकृताला बाधतो. 'डीएमएए' असेल तर तो डबा घरातच नको. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या मैलात कोसळून मरण पावलेल्या ३० वर्षांच्या धावपटूने हेच द्रव्य असलेले पेय घेतले होते. घटकांची मात्रा न देता 'खास मिश्रण' एवढेच लिहून एकूण वजन दिले असेल, तर आपल्याला काय किती दिले जाते हे कळायला मार्गच नाही.

आपल्याकडे पूरक आहाराच्या डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांकही पाहावा. पण तो क्रमांक म्हणजे परवाना; प्रत्येक डबा तपासून पास केल्याची ती पावती नव्हे.

जिममध्ये कुणी 'स्टॅमिना'साठी मेफेन्टरमिनचे इंजेक्शन देऊ केले तर सरळ बाहेर पडा. खाली गेलेला रक्तदाब वर आणण्याचे हे रुग्णालयातले औषध आहे. त्याची बेकायदा विक्री पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक शहरांत पकडली गेली आहे.

उकाडा आणि रात्रपाळी

सिल्वासा-वापीकडची दमट हवा, त्यात यंत्रांची धग. घाम सुटत असताना उत्तेजक घेतले तर रक्तवाहिन्या आकसतात, शरीरातली उष्णता बाहेर पडायला अडते आणि तहानेचे, थकव्याचे इशारे दबून जातात. बेकलरच्या बाबतीतही उन्हाचा सराव आणि गोळ्या एकत्र आल्या होत्या. रात्रपाळीवाल्याची झोप आधीच कमी. गोळीने ती आणखी उडते आणि झोप कमी झाली की भूक वाढते. वजन पुन्हा जिथल्या तिथे.

ज्यांना रक्तदाब, हृदयाचा त्रास, थायरॉइड, मधुमेह, फिट्स किंवा घबराटीचा विकार आहे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, आणि अठराच्या आतली मुले, यांनी या वाटेला जाऊच नये. सर्दीच्या अनेक गोळ्यांत, दम्याच्या पंपात आणि नैराश्याच्या काही औषधांतही हृदयाला वेग देणारे गुण असतात. दोन्ही एकत्र झाले की भार दुप्पट.

बोलणे जाणणाऱ्याला

कन्नडात एक म्हण आहे: 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.' जेवणे जाणतो त्याला रोग नाही, बोलणे जाणतो त्याला भांडण नाही. इथे दोन्ही लागू पडते. जोंधळ्याची भाकरी, नाचणी, शेंगाचटणी बेताने, भरपूर पालेभाजी, पातळ ताक, वेळेवर झोप आणि रोजची चाल यांनी वजन हळू उतरते, पण टिकते. भारतीयांसाठी कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे. वजन फारच असेल तर डॉक्टरांकडे आज चांगली औषधे आहेत. २०२५ पासून नवी इंजेक्शनेही भारतात आली आहेत. पण ती तपासणी करून, चिठ्ठीवर, देखरेखीखाली घ्यायची.

आणि बोलायचे कसे? मुलाच्या कपाटात डबा सापडला तर ओरडू नका. ओरडलात तर पुढचा डबा मित्राच्या खोलीवर जाईल. "काय आहे त्यात, दोघे मिळून वाचू या," एवढे म्हणा. सुनेच्या जाडीवर चारचौघांत शेरे मारणेही थांबवा. लपून घेतलेल्या कित्येक गोळ्यांचे मूळ त्या शेऱ्यांत असते. डबा डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब मोजून घ्या. सिल्वासात विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे, गावोगावी आरोग्य केंद्रे आहेत.

छातीत दुखणे, न थांबणारी धडधड, चक्कर येऊन पडणे, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णासोबत तो डबाही घेऊन जा. आत काय गेले आहे हे डॉक्टरांना जितक्या लवकर कळेल, तितके उपचार सोपे होतील.